खर्ड्याचा विजय आणि राज्याची पत

पेढीची पत कशावर उभी असते, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. मुनीम हुशार आहे, सचोटीचा आहे, त्याच्या सहीची हुंडी दूरदेशीं पटते, एवढ्यावरून शहाणा सावकार आपली ठेव तेथें ठेवीत नाहीं. मुनीमानें उद्यां डोळे मिटले तर कीर्द-खतावणी तशीच चालेल काय, दुसरा मनुष्य गादीवर बसून तीच हुंडी तितक्याच बिनबोभाट सकारील काय, याचा तो विचार करितो. जी गोष्ट पेढीची तीच राज्याची. लोकांचा राज्यावर विश्वास आहे असें आपण म्हणतों, तेव्हां तो विश्वास गादीवर बसलेल्या माणसावर आहे कीं गादीच्या रीतीवर आहे, हा भेद आपण सहसा करीत नाहीं. तो न केल्यामुळें राष्ट्रास केवढी किंमत द्यावी लागते, याचा दाखला आमच्या नगर जिल्ह्यांतच पडलेला आहे.

या जिल्ह्यास आतां अहिल्यानगर म्हणतात. त्याच्या आग्नेय भागांत, जामखेड तालुक्यांत, खर्डा हें गांव व तेथील किल्ला आहे. ता. ११ मार्च १७९५ रोजीं या परिसरांत मराठ्यांनीं निजामअल्लीच्या फौजेचा मोड केला. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे मोठमोठे सरदार पेशव्यांच्या जरीपटक्याखालीं एकत्र जमल्याचा तो शेवटचा प्रसंग होय. हा जमाव ज्यांच्या खटपटीनें जमला ते नाना फडणीस पुरतीं तीन वर्षें लोटण्यापूर्वींच याच जिल्ह्यांत, नगरच्या किल्ल्यांत, कैदी होऊन आले. एका पुरुषाच्या सत्तेचा कळस आणि तिचें पतन हीं दोन्ही एका जिल्ह्याच्या हद्दींत मावलीं. ही उलथापालथ दैवाची म्हणून सोडून देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. तिचीं कारणें राज्यरचनेंत होतीं, आणि तीं आजही विचार करण्यासारखीं आहेत.

नानांचें मूळ नांव बाळाजी जनार्दन भानू. भानूंचें घराणें कोंकणांतील श्रीवर्धनचें. पहिल्या पेशव्यांबरोबर तें देशावर आलें आणि फडणिशीच्या दरखावर स्थिर झालें. नानांचा जन्म १७४२ सालीं सातारा येथें झाला. १७५६ सालीं वडील वारले व चवदाव्या वर्षीं फडणिशी त्यांच्या अंगावर आली. पुढें १७६० सालीं ते भाऊसाहेबांच्या स्वारीबरोबर उत्तरेस गेले. पानिपतचा घोर संहार त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला, मातोश्री त्या मोहिमेंत अंतरल्या, आणि स्वतः ते कसेबसे जीव घेऊन परतले. तलवार हें आपलें साधन नव्हे, हें त्यांनीं तेथेंच ओळखलें असावें. यापुढील चाळीस वर्षें त्यांनीं लेखणी, पत्रव्यवहार आणि बातमी यांच्या बळावर राज्य सांभाळिलें.

फडणिशीचें काम म्हणजे राज्याच्या जमाखर्चाची राखण. या कामाचें महत्त्व आज फारसें कोणी जाणीत नाहीं, म्हणून तें थोडक्यांत सांगतों. परगण्याचा वसूल मामलेदार किंवा कमाविसदार करी. परंतु त्याच्या जोडीस दिवाण, मुजुमदार, फडणीस इत्यादि दरखदार हुजुरांतून नेमलेले असत. मामलेदारास या दरखदारांना काढून टाकण्याचा अधिकार नसे, आणि त्यांच्या हातांखालून गेल्यावांचून हिशेब पुरा होत नसे. पुण्याच्या हुजूर दप्तरांत मग तो हिशेब तपासला जाई. एका नोकरावर दुसऱ्याची नजर आणि दोघांवर दप्तराची, अशी ही योजना होती. रयतेस पुण्याचे पेशवे कधीं दिसत नसत. तिला दिसे तो मामलेदार. त्यानें अधिक उकळलें तर वर कोठें तरी कागद आहे व तो कोणी तरी पाहील, एवढा भरंवसा रयतेस असे. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत ही व्यवस्था उत्तम चालली, आणि नाना त्याच शिस्तींत तयार झाले.

माधवराव १७७२ सालीं वारले. पुढल्याच वर्षीं, ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, त्यांचे धाकटे बंधु नारायणराव यांचा शनिवारवाड्यांत गारद्यांकडून खून झाला. चुलते रघुनाथराव गादीवर बसले. या प्रसंगीं राज्याच्या सर्व संस्थांपैकीं एकच संस्था आपल्या जागीं उभी राहिली, आणि ती न्यायाची होय. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी केली, दोष प्रत्यक्ष गादीवर बसलेल्या पेशव्याकडे येतो असें ठरविलें, तें त्यास तोंडावर कळविलें आणि पुणें सोडिलें. ज्याच्या नेमणुकीनें आपण अधिकारावर आहों त्याच्याविरुद्ध निर्णय देणारा न्यायाधीश ज्या राज्यांत असतो, त्या राज्याची पत अजून बुडालेली नाहीं असें खुशाल समजावें.

रघुनाथरावांविरुद्ध सखारामबापू बोकील, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके, नाना फडणीस इत्यादि मुत्सद्दी एक झाले. यासच बारभाईंचें कारस्थान म्हणतात. नारायणरावांची विधवा पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित नेण्यांत आलें. ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं तिला पुत्र झाला, तेच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या त्या मुलास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, आणि रामशास्त्री पुन्हां आपल्या कामावर आले. अनेकांनीं एकत्र बसून, विचार करून, एका अन्यायी सत्ताधीशास दूर सारावें, आणि बालकाच्या नांवानें कां होईना, कारभार मंडळानें चालवावा, ही गोष्ट त्या काळच्या हिंदुस्थानांत सामान्य नव्हती. बारभाईंचें हें मंडळ टिकून त्याची रीत बसली असती, तर मराठ्यांचा पुढील इतिहास कदाचित् निराळा झाला असता.

परंतु तसें झालें नाहीं. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले, १७७५ सालीं सुरतेचा तह झाला आणि सात वर्षें युद्ध चाललें. या काळांत नानांनीं जें केलें त्यास तोड नाहीं. १७७९ च्या जानेवारींत वडगांव येथें इंग्रजी फौजेस शरण यावें लागलें. १७८० सालीं हैदर, निजाम व भोसले यांस एका सूत्रांत गोंवून कंपनी सरकारास चोहोंकडून घेरण्याचा डाव नानांनीं मांडिला. आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें रघुनाथरावांचा प्रश्न संपला. पण याच वर्षांत मंडळांतील माणसें एकामागून एक कमी झालीं. नानांचे चुलतबंधु मोरोबा फडणीस यांनीं उलट पक्ष धरिला. ते कैदेंत पडले. सखारामबापूही संशयावरून कैद झाले व कैदेंतच वारले. संशयास आधार नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि बाराजणांची सत्ता एकाकडे आली, ती परत बारांकडे कधींच गेली नाहीं.

येथें राज्याच्या मूळ कागदाकडे वकिलाच्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. कायद्यानें राज्याचे धनी साताऱ्याचे छत्रपति. पेशवे त्यांचे प्रधान. आणि नाना पेशव्यांचे फडणीस. छत्रपति साताऱ्यास नजरबंदींत असल्यासारखे होते, पेशवे बालक होते, आणि सारा अधिकार फडणिसाच्या हातीं होता. म्हणजे मुखत्याराच्या मुखत्यारानें इस्टेट चालवावी तशी ही स्थिति होती. धनी नामधारी असला म्हणजे मुखत्यारपत्र किती मुदतीचें, तें कोण रद्द करणार आणि हिशेब कोणास द्यावयाचा, हे तिन्ही प्रश्न अनुत्तरित राहतात. शिंदे, होळकर, भोसले यांनींही हेंच ओळखलें होतें. त्यांचा करार छत्रपतींशीं कीं पेशव्यांशीं कीं नानांशीं, याचा निवाडा कोठेंच लिहिलेला नव्हता. त्यामुळें प्रत्येक सरदार नानांकडे पाहून वागे. आणि नानांचा धाक किंवा गरज संपली कीं आपला स्वतंत्र झाला.

वरच्या पायरीचें हें असें. शहराची पायरी पाहूं गेलें तर घाशीराम कोतवालाचें प्रकरण डोळ्यांपुढें येतें. हा मनुष्य १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता व नानांचा त्यावर विश्वास होता. त्याच्या जुलमाच्या तक्रारी लोक करीत; पण त्या ऐकणारा जो कारभारी तोच त्याचा पाठीराखा असल्यानें तक्रार न्यावी कोठें, हा प्रश्नच होता. १७९१ च्या ऑगस्टांत त्याच्या माणसांनीं परगांवच्या तैलंगी ब्राह्मणांस अरुंद जागेंत कोंडलें आणि वीसांहून अधिक माणसें गुदमरून मेलीं. मग शहर उसळलें. जमाव हटेना तेव्हां घाशीराम लोकांच्या हवालीं करण्यांत आला आणि ता. ३१ ऑगस्ट रोजीं लोकांनीं त्याला दगडांनीं ठेंचून मारिलें. रामशास्त्री त्यापूर्वीं दोन वर्षें वारले होते. कोतवाल दोषी होता यांत संशय नाहीं. परंतु चौदा वर्षें तक्रारींकडे कानाडोळा करून शेवटीं आरोपी जमावाच्या स्वाधीन करणें हा न्याय नव्हे. राज्यानें दाद द्यावयाची सोडली कीं लोक दाद मागावयाचे सोडतात आणि दगड उचलतात, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

गांवची पायरी मात्र टिकाऊ होती. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार आणि गोतसभा यांचा संसार पुण्यांतील उलाढालींनीं फारसा हालत नसे. वतनाचा तंटा गोतापुढें येई, साक्षी होत आणि महजरावर सर्वांच्या निशाण्या पडत. पेशवाई बुडाल्यावर १८१९ सालीं एल्फिन्स्टननें जो अहवाल लिहिला त्यांत या पंचायतींचे दोष दाखवूनही त्या राखाव्या असेंच त्यास वाटलें. परंतु या ग्रामसंस्थेची स्तुति करितांना एक गोष्ट झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्यांची वस्ती गांवकुसाबाहेर होती, त्यांस महजरावर निशाणी करण्यास व साक्ष देण्यास बोलावीत, कारण शींव त्यांसच ठाऊक असे; पण त्यांच्या स्वतःच्या गाऱ्हाण्याची वेळ आली म्हणजे तीच सभा त्यांस उंबऱ्याबाहेर उभी करी. ज्या विश्वासांतून गांवाचा एक भाग वगळलेला आहे, त्यास सार्वजनिक विश्वास म्हणतां येत नाहीं.

आतां खर्ड्याकडे वळूं. निजामाकडे चौथाईची मोठी बाकी तुंबली होती. महादजी शिंदे १७९४ च्या फेब्रुवारींत व हरिपंत फडके त्याच वर्षीं वारले होते. नाना एकटे उरले होते. तरी त्यांनीं सर्व सरदारांस पत्रें लिहिलीं आणि सर्व आले. लाखाच्या वर फौज जमली, सेनापतित्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे दिलें आणि वीस वर्षांचे पेशवे स्वतः छावणींत राहिले. इंग्रज गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिला. लढाई म्हणावी तर ती फार मोठी झाली नाहीं, माणसेंही थोडींच पडलीं; परंतु निजामाची फौज रात्रीं बिथरली, तो स्वतः खर्ड्याच्या किल्ल्यांत शिरला, चोहोंकडून वेढला गेला, पाण्यावांचून तळमळला आणि तहास कबूल झाला. दौलताबादेचा किल्ला व त्याबरोबर मोठा मुलूख, सुमारें तीन कोटी रुपये, आणि दिवाण मुशीरउल्मुल्क ओलीस, अशीं कलमें ठरलीं. पुण्यास विजयोत्सव झाला. राज्याची पत अशी कधींच नव्हती, असें त्या दिवशीं कोणासही वाटलें असतें.

तो उत्सव सात महिनेही पुरला नाहीं. सवाई माधवराव वयांत आले होते, पण कारभार त्यांच्या हातीं आला नव्हता. कोणाशीं बोलावें, कोणास लिहावें, यावरही नानांचा पहारा होता. १७९५ च्या ऑक्टोबरांत ते शनिवारवाड्याच्या सज्ज्यांतून खालीं पडले आणि ता. २७ रोजीं वारले. तो अपघात होता कीं जाणूनबुजून टाकलेली उडी, याचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. ज्याच्या रक्षणासाठीं नानांनीं आयुष्य वेंचलें त्यास राज्य चालविण्याचें शिक्षण मात्र दिलें नाहीं, एवढें निर्विवाद आहे. गादीचा वारस ठरविण्याची कोणतीही पक्की रीत नव्हती. त्यामुळें कारस्थानांस ऊत आला, नानांस पुणें सोडून महाडास जावें लागलें, आणि पुन्हां सत्तेवर येण्यासाठीं १७९६ च्या ऑक्टोबरांत त्यांनींच निजामाशीं करार करून खर्ड्याचा बहुतेक लाभ परत देऊं केला. एक लाख फौजेनें जें मिळविलें तें दीड-पावणेदोन वर्षांत एका माणसाच्या अडचणींत खर्ची पडलें.

त्यानंतर दुसरे बाजीराव पेशवे झाले. ता. ३१ डिसेंबर १७९७ रोजीं नाना दौलतराव शिंद्यांच्या छावणींत भेटीस गेले असतां, एका युरोपियन सरदारानें दिलेलें सुरक्षिततेचें वचन मोडून त्यांस कैद करण्यांत आलें आणि नगरच्या किल्ल्यांत टाकण्यांत आलें. इकडे पुण्यांत शिंद्यांचा कारभारी सर्जेराव घाटगे यानें सावकार व व्यापारी यांस पकडून, मारहाण करून पैसा उकळिला, आणि तो पेशव्यांच्या संमतीनें. ज्या सावकारांच्या कर्जावर राज्यानें मोहिमा केल्या त्यांच्याच दारांत राज्याचे शिपाई आले. १७९८ सालीं पैसे भरून नाना सुटले, कारभारावर आले, पण राज्यांत आतां राखण्यासारखी रीत उरली नव्हती. ता. १३ मार्च १८०० रोजीं ते वारले. पुढें बाजीरावानें मामलती मक्त्यानें, अधिक बोली करणारास, देण्याचा परिपाठ घातला. ज्या दप्तराच्या भरंवशावर रयत स्वस्थ झोंपे तें दप्तर ओस पडलें. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला आणि १८१८ सालीं सारेंच संपलें. नानांच्या मृत्यूनंतर अवघीं अठरा वर्षें राज्य टिकलें.

खर्ड्याच्याच तालुक्यांत चौंडी हें अहिल्याबाई होळकरांचें जन्मगांव आहे. त्या खर्ड्याच्या वर्षींच, ता. १३ ऑगस्ट १७९५ रोजीं, महेश्वर येथें वारल्या. निपुत्रिकाची मिळकत सरकारजमा न करितां त्याच्या विधवेस राखूं देणारी, रोज दरबारांत बसून गाऱ्हाणीं ऐकणारी अशी राज्यकर्ती विरळा. तिच्या राज्यांत सावकार निर्धास्त होता. परंतु तिच्यामागें दोन वर्षांत तुकोजीही वारले, मुलांत कलह लागला आणि तो निर्धास्तपणा नाहींसा झाला. नानांच्या स्वभावांत कपट होतें, अहिल्याबाईंच्या नव्हतें. तरी दोघांच्या मागें एकच गति झाली. दोष केवळ स्वभावाचा असता तर असें झालें नसतें.

आज आपणांस राजा नाहीं, लेखी राज्यघटना आहे, आणि ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत पायऱ्या आहेत. महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा ता. १ मे १९६२ पासून सुरू झाल्या. १९९२ सालच्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें ग्राम ते जिल्हा या संस्थांस पांच वर्षांची मुदत व वेळेवर निवडणूक यांची हमी दिली. म्हणजे नानांच्या काळीं जी रीत लिहिलेली नव्हती ती आपण लिहून घेतली. पण लिहिलेली रीत पाळली जाते काय? राज्यांतील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ च्या मार्चांत संपली. राखीव जागांचा वाद न्यायालयांत होता. तीन वर्षें लोटलीं तरी निवडणुका नाहींत, कारभार नेमलेल्या प्रशासकांकडे. अखेर २०२५ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयास हुकूम करावा लागला, आणि ती मुदतही पुढें वाढवावी लागली. प्रशासक वाईटच असतो असें नव्हे. तो हुशार व सचोटीचाही असेल. परंतु मग आपण फिरून मुनीमाच्या सचोटीवरच ठेव ठेविली, हें लक्षांत घ्यावें.

न्यायाच्या पायरीविषयींही खर्ड्यासच एक कटु धडा मिळाला आहे. २०१४ च्या एप्रिलांत तेथें एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. २०१७ सालीं नगरच्या सत्र न्यायालयांतून सर्व आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदारांपैकीं पुष्कळजण आपल्या पहिल्या जबानीपासून फिरले. कोण दोषी होता हें ठरविणें आमचें काम नव्हे. परंतु खून झाला हें खरें, आणि त्याबद्दल कोणीही दोषी ठरला नाहीं हेंही खरें. साक्षीदार फिरतो तो एकतर लोभानें फिरतो, नाहीं तर राज्य आपल्या पाठीशीं उभें राहील असा त्यास भरंवसा नसतो म्हणून फिरतो. गांवकुसाबाहेरच्या माणसास जुन्या गोतसभेनें जो विश्वास दिला नाहीं तो नव्या न्यायालयानें द्यावयाचा होता.

नानांची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. त्यांच्याएवढी बुद्धि, चिकाटी व कष्टाळूपणा आज कोणांत आहे? पण त्यांच्या चरित्रावरून आम्हांस हेंच दिसतें कीं, थोर पुरुषाची वाट पाहत बसणें हा राज्याची पत राखण्याचा मार्ग नव्हे. निवडणूक ठरल्या तारखेस व्हावी, हिशेब मागेल त्यास दाखवावा, तक्रार ज्याच्याविरुद्ध तोच ती ऐकणारा नसावा, आणि साक्ष देणाऱ्यास संरक्षण मिळावें, एवढीं चार कलमें प्रत्येक पायरीवर पाळलीं गेलीं तर गादीवर कोण आहे याची चिंता निम्मी कमी होईल. नगरवासी व व्यापारी वाचकांस आमची विनंती इतकीच कीं, आपल्या पेढीची कीर्द आपण ज्या डोळ्यांनीं तपासतां, त्याच डोळ्यांनीं ग्रामसभेंत आणि नगरपालिकेंत जाऊन जमाखर्च तपासावा. माहितीचा अधिकार २००५ च्या कायद्यानें आपल्या हातीं दिलेला आहे. तो न वापरतां पुढाऱ्यांच्या नांवानें बोटें मोडीत बसणें, हें आपलें खातें न पाहतां पेढी बुडाल्यावर आक्रोश करण्यासारखेंच होईल.